चनबसाप्पांचे सामान्यनाम

विहिरीच्या तळाशी, पंपाच्या पाइपच्या टोकाला जी जाळीची झडप बसवतात, तिला इंग्रजीत फूटव्हॉल्व्ह म्हणतात. ती पाण्याला वर येऊ देते, खाली परतू देत नाही. ती नसेल तर शेतकऱ्याला रोज सकाळी पंपाच्या तोंडात बादल्या ओताव्या लागतात. पंचगंगेपासून कृष्णेपर्यंतच्या पट्ट्यात या वस्तूला फूटव्हॉल्व्ह म्हणणारा मनुष्य एक तर इंजिनिअर असतो, नाही तर परगावचा. बाकी सर्व तिला चनबसा म्हणतात. हा शब्द कोणत्याही कोशात नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका फाउंड्रीच्या मालकाच्या नावावरून तो आला, आणि मालक हयात असतानाच आला. शब्दांच्या इतिहासात ही गोष्ट विरळा. मालकाच्या इतिहासात ती अनर्थकारक ठरली.

चनबसाप्पा हेब्बाळे गडहिंग्लजकडून कोल्हापुरात आले ते साच्यात वाळू ठोकणारे कामगार म्हणून. पुढे त्यांनी स्वतःची भट्टी उभी केली आणि गाळाने न अडणारी ओतीव लोखंडाची झडप काढली. तिच्या कड्यावर नाव उठवायचे ठरले तेव्हा पूर्ण नाव मावेना. लाकडी नमुना कोरणाऱ्या सुताराने विचारले, शेवटचे 'प्पा' गाळू का?

"गाळ की," चनबसाप्पा म्हणाले, "लोखंडाला कशाला आप्पा न् अण्णा!"

हा विनोद त्या दिवशी फाउंड्रीत सगळ्यांना आवडला. नव्वदच्या दशकात एका हिशेबनीसाने त्यांना ते नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याचा सल्ला दिला. चनबसाप्पांनी त्याला चहा पाजला आणि विचारले, "माझं नाव माझं हाय, हे मी कुणाकडनं लिहून घ्यायचं?" या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे. तरीही प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. ज्याचे नाव सारा मुलूख उच्चारतो, त्याला नोंदणी म्हणजे दुसऱ्यांदा बारसे वाटावे, यात नवल नाही.

नव्या शतकाच्या आरंभी त्यांची धाकटी मुलगी दानेश्वरी हिने कंपनीची वेबसाइट केली. रोमन लिपीत 'चनबसा' असे टाइप केले की शोधयंत्राच्या पडद्यावर पहिली ओळ त्यांची येई, कारण त्या अक्षरांचे जगात दुसरे कोणी नव्हते. मग झडपेची ख्याती ऐकून खानदेशातून, वऱ्हाडातून, इंदूरकडून मागण्या येऊ लागल्या. तीन वर्षे असे चालले. मग एके दिवशी जळगावच्या एका दुकानदाराचा फोन आला.

"माल मिळाला ताई, पण या खेपेला झडप हलकी आली आहे."

"आम्ही या खेपेला माल धाडलाच नाही की तुम्हाला."

"असं कसं? मी चनबसा टाकूनच शोधलं. सगळ्यात वर तुमचंच आलं."

दानेश्वरीने तिथल्या तिथे संगणकावर आपले नाव टाइप केले. त्यांची वेबसाइट दुसऱ्या क्रमांकावर होती. तिच्या डोक्यावर फिकट पिवळ्या पट्टीत एक जाहिरात होती: फूटव्हॉल्व्ह, थेट कारखान्यातून. त्यावर क्लिक केले की गुजरातेतल्या एका कंपनीचे दुकान उघडे. त्या दुकानात चनबसा हा शब्द औषधालाही नव्हता. शब्द फक्त दारापर्यंत आणण्यापुरता वापरला होता. आत गेल्यावर त्याची गरज उरत नव्हती.

चनबसाप्पा हात पुसत कार्यालयात आले आणि पडद्यापुढे वाकले.

"ही पाटी कुठं लावलीया?"

"इथंच आप्पा, सर्चमध्ये."

"आगं, पण कुठल्या गावात? म्युनिसिपाल्टीला सांगून काढूया की."

"गाव नाही तिला."

"गाव न्हाय, आणि माझी गिऱ्हाईकं तितं पोचत्यात!"

तिने त्यांना समजावले की शोधयंत्राची कंपनी शब्दांचा लिलाव करते. एखादा शब्द कोणी टाइप केला की ज्याची बोली चढी, त्याची जाहिरात वर. चनबसाप्पांना लिलाव परका नव्हता. मार्केट यार्डात गुळाचे सौदे त्यांनी तरुणपणी पाहिले होते. त्या सौद्यात रुमालाखाली बोटे धरून कितीही लबाडी होवो, निदान ढेप समोर असते आणि ढेपेचा धनी शेजारी उभा असतो.

"मग माझ्या नावाचा सौदा निघाला तवा मला सांगावा का न्हाई आला?" त्यांनी विचारले.

याचे उत्तर कोणापाशीच नाही, हे कळायला पुढची तीन वर्षे जायची होती.

वकील म्हणून त्यांनी बुद्धभूषण कुरणे यांना गाठले. वकिलांच्या खोलीत त्यांची थट्टा होई, की हा गृहस्थ बांधाच्या भांडणातही लंडनचा दाखला काढतो. बुद्धभूषणांनी पिवळी पट्टी कागदावर छापून घेतली आणि स्पष्ट सांगितले: नोंदणी नाही, म्हणून नोंदलेल्या चिन्हाचा कायदा उपयोगाचा नाही. उरतो जुना उपाय. दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला माल खपवणे ही फसवणूक आहे, एवढेच म्हणता येईल. पण त्यासाठी तो नावलौकिक आधी सिद्ध करावा लागेल.

"चनबसा म्हटलं की लोकांच्या मनात तुम्ही येता, हे लोकांनी येऊन सांगायला हवं."

"लोक?" चनबसाप्पा हसले. "वकीलसाहेब, मुलूख येऊन सांगंल."

सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. मागणी एकच होती, आणि ती चनबसाप्पांनी स्वतः वकिलाला सांगितली होती: हे नाव माझे आहे, एवढे कोर्टाने म्हणावे. नुकसानभरपाईचा परिच्छेद त्यांनी खोडायला लावला. बुद्धभूषणांनी तो खोडला, आणि अशिलाचा हट्ट मानणे ही पहिली चूक असते, असे स्वतःशी म्हटले.

प्रतिवादी दोन होते. शोधयंत्राच्या कंपनीने प्रथम कळवले की भारतातील कचेरी यंत्र चालवत नाही, ती केवळ त्याची ओळख करून देते. यंत्र चालवणारी मूळ कंपनी समुद्रापलीकडे आहे आणि तिला नोटीस त्या देशाच्या रीतीने द्यावी. ती रीत पाळण्यात एक पावसाळा गेला. मग उत्तर आले. आम्ही भिंत भाड्याने देतो; भिंतीवर काय लिहायचे ते भाडेकरू ठरवतो. शिवाय जाहिरातीत चनबसा हा शब्द दिसतच नाही. जो दिसत नाही तो वापरला असे कसे म्हणता येईल? एखाद्याच्या घराची किल्ली वापरून आत शिरावे आणि म्हणावे, किल्ली तर मी कोणाला दाखवली नाही, अशा जातीचा हा युक्तिवाद होता. तो इतक्या सुबक इंग्रजीत होता की त्याची लाज वाटायला वाचकाला दुसऱ्यांदा वाचावे लागे.

गुजरातेतल्या कंपनीचे उत्तर साधे होते, आणि म्हणून घातक. आमच्या माणसाने यंत्रात 'फूटव्हॉल्व्ह' टाकले. यंत्राने जवळचे शब्द सुचवले. त्यांत 'चनबसा' होता. फूटव्हॉल्व्हला मराठीत चनबसा म्हणत असावेत, असे समजून आम्ही तो घेतला. या नावाचे कोणी गृहस्थ आहेत हे आम्हाला नोटीस आल्यावर कळले, त्यांच्याविषयी आम्हाला आदर आहे.

बुद्धभूषणांनी ते उत्तर टेबलावर ठेवले.

"खोटं बोलला असता तर बरं झालं असतं," ते दानेश्वरीला म्हणाले. "खोट्याला उत्तर असतं."

साक्षीदारांची टंचाई नव्हती. त्यांतून बुद्धभूषणांनी भाऊसोंना निवडले. हातकणंगल्यात स्टेशनच्या वाटेवर भाऊसोंचे पंप-पाइपचे दुकान होते. वर्षानुवर्षे त्यांनी हेब्बाळ्यांखेरीज कोणाची झडप ठेवली नव्हती, आणि चनबसाप्पांवर त्यांचा जीव होता. त्यांचे प्रतिज्ञापत्र बुद्धभूषणांनी स्वतः लिहिले. त्यात 'चनबसा हे नाव', 'चनबसा या नावाची झडप' अशी काळजीपूर्वक रचना होती. नाव कुठे एकटे सुटू नये, त्याला प्रत्यय चिकटू नये, याची खबरदारी त्या मजकुरात ओळीओळीला होती. ती भाऊसोंना दिसली नाही. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "एवढं अवघड कशापाय लिवलंय? मी सरळ सांगतो की."

सरळ सांगण्याची संधी त्यांना उलटतपासणीत मिळाली. गुजरातेतल्या कंपनीच्या वकीलबाई पुण्याहून आल्या होत्या. आवाज मृदू, मराठी घासलेली. त्यांनी पिशवीतून एक झडप काढून साक्षीदाराच्या हाती दिली. तिच्यावर कोणतीही अक्षरे नव्हती.

"भाऊसो, हे काय आहे?"

भाऊसोंनी ती उलटीपालटी केली. "चनबसा हाय की."

"कोणत्या कंपनीचा?"

"हे आमच्या आप्पांचं काम न्हवं. हलका हाय. गुजरातचा असंल."

"म्हणजे हा गुजरातचा चनबसा."

"व्हय. पर ह्या चनबशाला टिकाव न्हाय बगा. गाळ आला की बसलं. आमच्या दुकानात फकस्त आप्पांचे चनबसे. दुसरे चनबसे आमी शिवत न्हाय."

हे भाऊसो अभिमानाने म्हणाले आणि चनबसाप्पांकडे पाहून हसले. चनबसाप्पाही हसले. बुद्धभूषण हसले नाहीत. टंकलेखकाच्या यंत्राचा आवाज ते ऐकत होते. चनबशाला. चनबसे. अक्षर अक्षर कागदावर उमटत होते.

"तुमच्या भागात याला फूटव्हॉल्व्ह म्हणत नाहीत का?" वकीलबाईंनी सहज विचारावे तसे विचारले.

"कोन म्हनतंय? आमची पोरगी कॉलेजात जाती, ती फुटव्हॉल म्हनाली. मी म्हटलं, इंग्रजी कशाला झाडतीस, मराठीत बोल, चनबसा म्हन!"

न्यायालयात हशा पिकला. न्यायाधीशांनीही चष्मा काढून पुसला. वकीलबाई मान लववून खाली बसल्या.

फेरतपासणीत एकच वाट उरली होती. शब्दामागचा माणूस साक्षीदाराच्या तोंडून उभा करायचा. बुद्धभूषणांनी विचारले, "भाऊसो, चनबसा म्हणजे कोण? ते या न्यायालयात हजर आहेत का?"

भाऊसो गोंधळले. त्यांनी आधी हातातल्या लोखंडाकडे पाहिले, मग बाकाकडे, आणि त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

"हे काय इचारनं झालं वकीलसाहेब? हे बसल्यात की आप्पा. चनबसाप्पा. वडील मानूस! त्यास्नी आमी चनबसा कसं म्हनू? जीभ झडंल की!" मग न्यायाधीशांकडे वळून त्यांनी हात जोडले. "सायेब, चनबसा येगळा न् चनबसाप्पा येगळे. उगंच माज्या तोंडी घालू नका."

बुद्धभूषण "आणखी प्रश्न नाहीत" असे म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज इतका शांत होता, की दानेश्वरीला वाटले साक्ष चांगली झाली.

बाहेर आल्यावर चनबसाप्पांनी भाऊसोंच्या पाठीवर थाप मारली. "कशी पाडली पुन्याची बाई!" भाऊसो खूश होते. दावा त्या दिवशी संपला हे तिघांपैकी कोणाला कळले नव्हते, आणि ज्याला कळले होते त्याने तिघांना चहा पाजला.

२००९ साली निकाल लागला. न्यायाधीश भाषेचे जाणकार होते, हे वादीचे आणखी एक दुर्दैव. निकालात व्याकरणाला दोन पाने दिली होती. मराठीत माणसाचे आकारान्त नाव विभक्तीपुढे वाकत नाही. केरबाला म्हणतात, केरब्याला म्हणत नाहीत. वस्तू मात्र वाकते: पैसा, पैशाला; मासा, माशाला. वादीच्याच साक्षीदाराने 'चनबशाला' असे सामान्यरूप आणि 'चनबसे' असे अनेकवचन वापरले आहे. त्याच साक्षीदाराने व्यक्तीचे नाव 'चनबसाप्पा' असून 'चनबसा' हे तिला उद्देशून म्हणणेही अनुचित आहे, असे शपथेवर सांगितले आहे. तो स्वतः व्यापारी आहे आणि वादीचा हितचिंतक आहे; त्याच्यावर अविश्वास दाखवण्यास कारण नाही. सबब सदर शब्द या व्यापारात वस्तूचे नाव झाला असून त्यावर कोणा एकाची मालकी सांगता येत नाही. जो शब्द कोणाचाच नाही, त्याच्या लिलावात भिंतीच्या मालकाचा दोष आहे काय, हा प्रश्न उरत नाही. दावा रद्द.

निकालात चूक दाखवावी असे एकही वाक्य नव्हते. अन्याय कधीकधी इतका शुद्धलेखनाचा असतो, की त्यात लाल शाईला जागा सापडत नाही. कायद्याला नाव प्रसिद्ध हवे असते, पण बेताने. जे नाव थोड्यांना ठाऊक, ते त्याच्या धन्याचे राहते. जे सर्वांच्या जिभेवर बसले, ते सर्वांचे होते, आणि सर्वांचे झाले की ज्याची बोली चढी त्याचे होते. मुलखाने एका कारागिराला दिलेला सर्वांत मोठा मान मुलखानेच येऊन शपथेवर सांगितला, आणि न्यायालयाने तो मान लेखी नोंदवून घेऊन माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवले.

बुद्धभूषणांच्या कार्यालयात दानेश्वरीने अपिलाचे विचारले.

"मुंबईला करता येईल. कोल्हापूरला खंडपीठ द्या म्हणून आम्ही वकील किती वर्षं मोर्चे काढतोय, ते मिळालं असतं तर इथंच केलं असतं. पण तिथं नवे साक्षीदार नसतात. भाऊसोंची साक्ष आहे तशी वर जाईल, तिच्या विभक्तीसकट."

"त्यांनी असं का बोलावं?" ती म्हणाली. "आप्पांसाठी ते जीव देतील."

"म्हणूनच. वैऱ्यानं आपलं नाव नीट उच्चारलं असतं."

चनबसाप्पांनी निकालाचे कागद स्वतःकडे ओढले. ते म्हणाले, "वकीलसाहेब, एक सांगा. शब्द माझा न्हाय हे कळलं. मग मी कोन हे तरी लिवलंय का त्यात?"

"वादी," बुद्धभूषण म्हणाले.

त्यांनी कागद मिटले. मग बुद्धभूषण, अशिलाशी बोलताना जो स्वर ते कधी वापरत नसत त्या स्वरात, म्हणाले, "आप्पा, आमच्या आज्ज्याला गावात नाव नव्हतं. जातीचं जे सामान्यनाम होतं, त्यानंच हाक मारायचे, तेही एकेरीत. छप्पन साली आज्ज्यानं ते टाकलं, आणि मला हे नाव पोथीतनं शोधून ठेवलं, कुणाच्या जिभेवर सहजी बसू नये म्हणून. तुमचं सामान्यनाम लोकांनी प्रेमानं केलं. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण मी ह्या निकालात तो फरक शोधला. कायद्याला तो दिसत नाही."

"तुमास्नी टाकाय तरी आलं," चनबसाप्पा म्हणाले. "मी काय टाकू? साठ-सत्तर वर्षं हीच हाक ऐकतोय."

अपील झाले नाही. दानेश्वरी मात्र स्वस्थ बसली नाही. जे उरले होते ते तिने केले. तिने शोधयंत्राच्या कंपनीत खाते उघडले आणि लिलावात वडिलांच्या नावावर बोली लावली. यंत्राने तिचे स्वागत केले. हा शब्द लोकप्रिय आहे, असे त्याने तिला कळवले, आणि बोली वाढवावी असे सुचवले. तिने वाढवली. गुजरातेत ती वाढलेली दिसली आणि तिकडूनही वाढली. आता दोघे त्या शब्दाचे भाडे भरू लागले, आणि भिंतीचा मालक, ज्याने शब्द कधी वापरलाच नव्हता, तो दोघांकडून ते घेऊ लागला.

भाऊसो निकालानंतर कोल्हापुरात फिरकले नाहीत. त्यांना निकाल कोणीतरी वाचून दाखवला होता. शेवटी चनबसाप्पाच एके दुपारी हातकणंगल्याला त्यांच्या दुकानी गेले. भाऊसो गल्ल्यावरून उठले, खुर्ची पुसली आणि उभेच राहिले.

"आप्पा, माज्या जिभंला हाड न्हाय. मी तुमचं वाटुळं केलं."

"खरं बोललास. वाटुळं कशाचं?"

"खोटं बोलाय पायजे हुतं."

"ते तुला जमलं नसतं. बस."

भाऊसो बसले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत आले, कुरुंदवाडकडचा शेतकरी, खांद्यावर टॉवेल.

"चनबसा हाय काय ओ, तीन इंची?"

भाऊसोंनी चनबसाप्पांकडे पाहिले आणि मान खाली घातली. मग प्रयत्नपूर्वक, अवघडलेल्या जिभेने ते म्हणाले, "फुटव्हॉल्व्ह म्हना."

"आँ?"

"फुटव्हॉल्व्ह."

"ते न्हवं ओ, चनबसा! चनबसा पायजे. हिरीत बसवायचा. मराठी कळत न्हाय व्हय?"

"दे त्याला," चनबसाप्पा म्हणाले.

भाऊसोंनी झडप काढून काउंटरवर ठेवली. शेतकऱ्याने ती उचलली, वजन पाहिले, झडप बोटाने हलवली, कड्यावरून अंगठा फिरवला.

"ह्याच्यावर तर नुसतं चनबसा लिवलंय. कंपनीचं नाव कुटाय?"

"हेच नाव हाय," भाऊसो म्हणाले.

"असं कुटं असतंय? म्हंजे पिशवीवर पिशवी लिवल्यागत झालं. बिननावाचा माल नगं मला. पलीकडं गुजरात कंपनीचा हाय, त्यावर पत्ता-बित्ता समदं छापलंय." त्याने झडप परत ठेवली, आणि जाता जाता खुर्चीवरच्या वृद्धाकडे वळला, कारण दुकानात आलेल्या परक्याला दोन शब्द विचारल्याशिवाय निघणे या भागात असभ्य समजतात. "पावणं, कुटलं म्हनायचं?"

"कोल्हापूर."

"नाव काय?"

"चनबसाप्पा."

शेतकरी थबकला. मग काउंटरवरच्या लोखंडाकडे बोट करून मोकळेपणाने हसला. त्या हसण्यात दुष्टावा नावालाही नव्हता.

"आयला! ह्याच्यावरनं ठिवलं व्हय?"

भाऊसो काही बोलायला उठले. चनबसाप्पांनी हाताने त्यांना खाली बसवले.

"व्हय," ते म्हणाले. "आमच्यात असंच ठेवत्यात."